जुनी गाडी घेतली आणि इंजिनाचा दिवा लागला?

आधी दिवा नीट बघा. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी एरवीसारखी चालत असेल, तर गॅरेजपर्यंत सावकाश नेता येते. लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घेऊन बंदच करा. अशा वेळी पेट्रोल सिलिंडरमध्ये न जळता पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग आतून वितळू शकतो.

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे ओबीडी सॉकेट असते. तिथे स्कॅनर लावला की कोड मिळतो: पी०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणे), पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. कोड लिहून घ्या, पण तेवढ्यावरून पार्ट बदलू देऊ नका. पी०३०० च्या मागे कित्येकदा झिजलेला स्पार्क प्लगच निघतो.

विकणाऱ्याने व्यवहाराआधी कोड पुसले असतील, तर स्कॅनरवर ‘रेडिनेस’च्या, म्हणजे गाडी स्वतःच्या घेते त्या, चाचण्या अपूर्ण दिसतात. बॅटरी काढली तरी असेच होते, म्हणून ती कधी बदलली हे स्पष्ट विचारा. आणि चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा लागायलाच हवा. तेव्हाही तो लागत नसेल, तर मला तरी ती गाडी जास्त संशयास्पद वाटते.