तिसऱ्यांदा तोच बिघाड

आज अनुभवाचं बोलतो, कारण या विषयावरचं माझं सगळं शहाणपण पैसे मोजून आलेलं आहे.

चेन्नईत नोकरीला असताना मी १,३५,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. चार महिन्यांत त्याचा पडदा लुकलुकायला लागला, तोही झाकण एका ठरावीक कोनात आलं की. सर्व्हिस सेंटरने स्क्रीन बदलली. दोन महिने ठीक गेले, मग पुन्हा तेच. आता मदरबोर्ड बदलला. चार महिन्यांनी परत तेच! तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या मुलाने मशीन पंधरा मिनिटं चालवून पाहिलं आणि जॉब शीटवर लिहिलं, ‘बिघाड आढळला नाही’. वॉरंटी संपायला तेवीस दिवस उरले होते.

अण्णा सलाईजवळ रिची स्ट्रीट आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा जुना बाजार. तिथल्या एका दुरुस्तीवाल्या अण्णांकडे मी गेलो. वॉरंटी होती म्हणून त्यांनी स्क्रूला हातही लावला नाही. बाहेरचा मॉनिटर जोडला आणि झाकण हळूहळू मागेपुढे केलं. लॅपटॉपचा पडदा लुकलुकत होता, मॉनिटर मात्र स्थिर. म्हणजे चित्र तयार करणारा भाग बरा होता. स्क्रीन तर नवीच होती. मग या दोघांमध्ये उरलं काय? बिजागरीतून जाणारी डिस्प्ले केबल. झाकण उघडताना-मिटताना ती रोज वाकते आणि आतली बारीक तार हळूहळू तुटत जाते.

मग दोन वेळा दुरुस्त झाल्यासारखं का वाटलं? स्क्रीन किंवा बोर्ड बदलताना केबल काढून परत बसवावी लागते. तेवढ्याने ती जरा सरकते, तुटकी तार पुन्हा टेकते आणि काही आठवडे निभावतं. महागडे भाग बदलले गेले, पण मूळ दुखणं जागच्या जागी राहिलं. म्हणून सांगतो, तोच त्रास परत आला तर ‘काय बदललं?’ एवढंच विचारू नका, ‘कारण काय सापडलं?’ हेही विचारा.

दुसरी गोष्ट कागदाची. माझ्या पहिल्या जॉब शीटवर नुसतं ‘डिस्प्ले समस्या’ असं लिहिलं होतं. त्यावरून तीन वेळचा बिघाड एकच होता हे कसं सिद्ध करणार? लक्षण आपल्या शब्दांत लिहून घ्या, मशीन दिल्याची आणि परत मिळाल्याची तारीख घाला. येणारा-जाणारा बिघाड काउंटरवर हमखास लपून बसतो, डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरावा तसा. त्यामुळे घरीच व्हिडिओ काढून ठेवा.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण अपेक्षा बेताची ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. मात्र वस्तूत दोष आहे एवढ्यावर नवी वस्तू मिळतेच असं नाही. २००६ साली मारुती गाडीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटीकडे बोट दाखवलं होतं: दोषी भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं ही कंपनीची जबाबदारी, अख्खी गाडी बदलणं नव्हे.

कधीकधी दोष आपल्या एकट्याच्या मशीनचा नसतो, रचनेचाच असतो. ॲपलने २०१५ मध्ये आणलेल्या बटरफ्लाय कीबोर्डची बटणं अडकत होती. जून २०१८ मध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. अशी योजना वॉरंटी संपल्यावरही लागू असू शकते, म्हणून आपल्या मॉडेलचं नाव घालून शोधून बघा.

माझं म्हणाल तर तीन जॉब शीट, दोन व्हिडिओ आणि मॉनिटरच्या चाचणीचं वर्णन मी एकाच ईमेलमध्ये कंपनीला पाठवलं. नवा लॅपटॉप मिळाला नाही. केबल आणि दोन्ही बिजागऱ्या बदलून मिळाल्या, आणि सहा महिन्यांची वाढीव वॉरंटी मी लेखी घेतली. तीही आता संपली आहे. पडदा अजून स्थिर आहे. चार्जर मात्र गरम व्हायला लागलाय, त्याचे व्हिडिओ काढून ठेवलेत.