मशीनची आंघोळ

मालवण तालुक्यातील आमच्या खाडीकाठच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वर्गात आम्ही काव्यशास्त्र शिकतो. परंतु ज्याच्या कमाईवर माझी फी भरली जाते, त्याविषयी आधी लिहावे असे मला वाटते.

होडीच्या मागच्या फळीला अडकवून पाण्यात सोडायचे इंजिन म्हणजे आऊटबोर्ड. आमच्याकडे त्याला नुसते ‘मशीन’ म्हणतात. तीन वर्षांपूर्वी बाबांनी कर्ज काढून जुने मशीन घेतले. त्याच्या ताज्या रंगाला आम्ही भुललो. दुसऱ्याच महिन्यात खाडीच्या तोंडाशी ते तापून अडकले. ओहोटी होडीला बाहेर ओढत होती. बाबा आणि मी दोन तास वल्ही मारून कसेबसे पुळणीला लागलो. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही.

मेस्त्रींनी मशीन उघडले तेव्हा कारण कळले. हे इंजिन बाहेरचेच पाणी आत ओढून थंड राहते. ते ओढणाऱ्या पंपातील रबरी पाती झिजली होती आणि आतल्या वाटा मिठाने बुजल्या होत्या. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मशीन बंद केल्यावर आत उरलेले पाणी सुकते आणि मीठ तिथेच बसते. म्हणजे मशीनचे खरे नुकसान समुद्रात नव्हे, किनाऱ्यावर होते!

यावर उपाय एकच, गोडे पाणी. पिंपात मशीनचा खालचा भाग बुडवून ते दहा मिनिटे मंद चालवावे. पण मे महिन्यात विहीर तळाला जाते. आई म्हणाली, “माणसांक पाणी नाय, नि मशीनाक आंघोळ?” तिचे काय चुकले? पाणी तीच आणत होती. तेव्हापासून मशीनचे पाणी बाबा आणि मी आणतो.

पाण्याखालच्या भागावर जस्ताचा एक तुकडा असतो. तो स्वतः झिजून ॲल्युमिनियमचे अंग वाचवतो. जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली अशीच युक्ती सुचवली होती. आमच्या मशीनच्या जुन्या मालकाने जस्तावरही रंग फासला होता. त्यामुळे ते निकामी झाले होते.

जुने मशीन घेणाऱ्या मित्रांना माझे सांगणे एवढेच : ते थंड असताना चालू करून दाखवायला सांगा. मागून पाण्याची धार जोरात पडते का, ते पाहा. गिअरचे ऑईल थोडे काढा. दुधासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजा. रंग सर्वांत शेवटी पाहा.

दुरुस्तीनंतर आमच्या मशीनने दगा दिलेला नाही. शेवटचा हप्ता येत्या दिवाळीला फिटेल. त्यानंतरही आंघोळ चुकणार नाही.

— एस. वाय. बी. ए.