काचेवरचा थेंब

घड्याळ चाळीस-पंचेचाळीस अंशांना तापवलेल्या पट्टीवर ठेवतात. ते पुरते गरम झाले की काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब सोडायचा, मिनिटभर थांबायचे आणि थेंब पुसून काचेच्या आतल्या बाजूकडे निरखून पाहायचे. तिथे वाफ धरलेली दिसली, तर घड्याळ बाद.

पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी असलेल्या आयएसओ ६४२५ या मानकातली ही परीक्षा. चार नमुने तपासून इथे भागत नाही. पाण्याची चाचणी प्रत्येक घड्याळाला द्यावी लागते. तबकडीवर २०० मीटर छापायचे, तर टाकीत २५० मीटर खोलीइतका दाब दोन तास सोसायचा. मग दाब जवळजवळ काढून घेऊन आणखी एक तास. जोरदार दाबाखाली पाणी अडवणारी रबरी रिंग घट्ट बसते. तिचा ढिलेपणा उघडा पडतो तो कमी दाबात.

या घड्याळांचे रूप १९५३च्या सुमारास ठरले. ब्लाँपँ कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्तेर स्वतः पाण्यात उतरत. त्याच वेळी फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांना, रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो यांना, काळ्या तबकडीचे, अंधारात ठळक दिसणारे घड्याळ हवे होते. त्यातून ‘फिफ्टी फॅदम्स’ आले. पन्नास वाव, म्हणजे सुमारे ९१ मीटर.

आजच्या अशा घड्याळांचे बेझल, म्हणजे काचेभोवतीचे कडे, एकाच दिशेने फिरते. बुडी मारण्याआधी त्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. नंतर ते खडकावर आपटून सरकले, तरी पाण्यातला वेळ जास्तच दिसतो. पाणबुड्या लवकर वर येतो, टाकीत हवा उरते.

वैमानिकांच्या घड्याळात चुकीचा हिशेब वेगळा. ताऱ्यांवरून मार्ग काढताना चार सेकंदांची चूक विषुववृत्तावर जवळजवळ दोन किलोमीटरची होते. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ‘बी-उर’ घड्याळांमध्ये चावी ओढली की सेकंदकाटा थांबे आणि वेळ अचूक जुळवता येई. चावी मोठी, कारण हातात मोजे. बाराच्या जागी त्रिकोण, म्हणजे अंधारात घड्याळाची वरची बाजू लगेच कळावी.

आता पाणबुड्याच्या मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असतो, वैमानिकासमोर जीपीएस. तरीही चावीची आणि ऑटोमॅटिक घड्याळे खपतात, आणि जुन्या वळणाची तर जोरात. त्यांतली काही नक्कल गमतीची आहे. जुन्या तबकड्यांवरचे, अंधारात चमकणारे रेडियमचे आकडे काळाने पिवळट पडले होते. आज किरणोत्सर्ग नसलेला, उजेड शोषून अंधारात काही तास चमकणारा रंग मुद्दाम त्याच पिवळट छटेत मिळतो. ट्यूडर कंपनीचे ‘ब्लॅक बे फिफ्टी-एट’ जुन्यासारखेच ३९ मिलिमीटरचे, पण आतले यंत्र एकदा चावी भरली की सुमारे ७० तास चालते.

मूळ ‘बी-उर’ मात्र ५५ मिलिमीटरचे होते, जाड जाकिटाच्या बाहीवरून बांधायचे. ते बनवणाऱ्या पाच कंपन्यांपैकी फोर्त्सहाइमची लाको आजही तीच तबकडी बनवते. बरीच गिऱ्हाइके ती सदऱ्याच्या बाहीखाली मावेल अशा, चाळीसेक मिलिमीटरच्या घड्याळात घेतात.