टेन्शनवरचा बार

कळंबा म्हटले की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात, संस्थानकाळातला तलाव आणि मध्यवर्ती कारागृह. या कारागृहातल्या बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले, हे कोल्हापुरात कौतुकाने सांगितले जाते. त्याच कारागृहाच्या भिंतीवरून गांजाची पुडकी आणि मोबाईल आत फेकल्याच्या बातम्याही कोल्हापूरकरांनी एकाहून अधिक वेळा वाचल्या आहेत. अशी बातमी आली की चर्चा पहाऱ्याची आणि कॅमेऱ्यांची होते. पुडक्यात काय बांधले होते, याकडे फारसे कुणी बघत नाही. बाहेरचे सगळे तुटलेल्या माणसासाठी जीव धोक्यात घालून काय आत पाठवले जाते? एक, कुणाशी तरी बोलण्याचे साधन. (त्याचे इतरही उपयोग होतात, ते पोलिसांनी बघावेत.) आणि दुसरे, डोके शांत करण्याचे. गांजाने, बिडीने, तंबाखूने जीव शांत होतो ही समजूत किती खोल गेली आहे, याचा तो पुडक्यात बांधलेला पुरावाच.

भिंतीबाहेरही वेगळे काही नाही. परीक्षा, कर्जाचा हप्ता, कोर्टाची तारीख, कारखान्याचे अडकलेले बिल, काहीही असो, ‘टेन्शन आलंय’ म्हणत हात टपरीकडे किंवा खिशातल्या पुडीकडे जातो. तंबाखू या भागाला परकी नाही. शेजारच्या निपाणीत तिच्या दरासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी आंदोलन केले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले काही जण मेले. आपल्याकडे ती ओढली कमी आणि चघळली जास्त जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. धूम्रपान करणारे होते अवघे ३.८ टक्के, तर चुना मळून, मावा करून किंवा मिश्री लावून ती तोंडात घेणारे २४.४ टक्के. घरातल्या ज्या बाईला मिश्री लावल्याशिवाय सकाळी काही सुचत नाही, तिला कुणी व्यसनी म्हणत नाही. पण सिगारेटवाल्याला ज्या निकोटिनची तलफ येते, त्याचीच तिलाही येते.

तंबाखूने मिळणारी शांती खोटी आहे, असे इथे म्हणायचे नाही. ती खरीच वाटते. प्रश्न एवढाच की ती कोणत्या अशांतीवर उतारा म्हणून येते. निकोटिनचे रक्तातले प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. रोजच्या वापराने मेंदू त्याला सरावलेला असतो, त्यामुळे प्रमाण उतरू लागले की माणूस बेचैन होतो, चिडतो, कामात लक्ष लागत नाही. ही सगळी चिंतेचीही लक्षणे आहेत, आणि खरी अडचण इथेच आहे. तलफेला वेगळा चेहरा नसतो. ती टेन्शनचाच चेहरा घेऊन येते. मग बार भरला, दोन झुरके मारले, की काही मिनिटांत बेचैनी ओसरते आणि माणूस म्हणतो, तंबाखूने टेन्शन गेले. दिवसातून दहा वेळा बार भरणाऱ्याला या औषधाचा दहा वेळा ‘पुरावा’ मिळतो. वर्षाला साडेतीन हजारांहून जास्त. इतक्या पुराव्यांपुढे डॉक्टरचा सल्ला काय टिकणार? गंमत अशी की शांत वाटत असताना नाडी मात्र जलद चाललेली असते आणि रक्तदाब चढलेला असतो, कारण निकोटिन मुळात उत्तेजक आहे.

हा तर्क खरा असेल तर सोडणाऱ्यांची चिंता काही आठवड्यांनी कमी झालेली दिसली पाहिजे. तशी ती दिसते. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण हे ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाले होते, आणि हा फरक नैराश्यावरच्या औषधांनी पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा होता. २०२१ मध्ये कोक्रेन संस्थेने १०२ अभ्यास आणि सुमारे १ लाख ७० हजार लोकांची माहिती तपासली, निष्कर्ष त्याच दिशेचा आला. त्याआधी ब्रिटनमध्ये ४९१ जणांवर झालेल्या पाहणीत सहा महिन्यांनी सोडलेल्यांची चिंता बरीच उतरली होती, तर प्रयत्न करून पुन्हा ओढू लागलेल्यांची थोडी वाढली होती. हे सगळे अभ्यास धूम्रपान करणाऱ्यांचे आहेत, चघळणाऱ्यांचे नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पण तलफ निकोटिनची असते. धुराची गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येतो.

यावर चतुर वाचक विचारील की सोडू शकलेला माणूस मुळातच सुखात नसेल कशावरून? नोकरी लागली, घरचे भांडण मिटले, म्हणून त्याला सोडता आले आणि म्हणूनच चिंता उतरली, असेही असू शकते. आक्षेप वजनाचा आहे. शिवाय चिंताग्रस्त माणसे तंबाखूकडे जास्त वळतात हेही खरे, म्हणजे बाण दोन्ही बाजूंनी जातो. त्यामुळेच २०२३ मध्ये आलेल्या एका विश्लेषणाला महत्त्व आहे. १६ देशांत ८,१४४ जणांवर झालेल्या औषधचाचणीतल्या ४,२६० लोकांची माहिती त्यात घेतली, त्यांत मानसिक आजार असलेलेही होते. असे इतर फरक हिशेबात धरूनही सोडण्याचा आणि चिंता कमी होण्याचा संबंध टिकून राहिला. सर्व शंका यानेही मिटत नाहीत. पण ‘सोडली तर टेन्शनने वेडा होईन’ या भीतीच्या बाजूने उभा राहणारा पुरावा मात्र सापडत नाही.

मग इतके लोक तिसऱ्याच दिवशी का हरतात? कारण पहिले दिवस खरोखर वाईट असतात. बेचैनी दोन-तीन दिवसांत टोकाला जाते आणि दोन ते चार आठवड्यांत विरते. माणूस नेमका टोकावर असताना निकाल लावतो की हा माझा मूळ स्वभाव आहे आणि तंबाखूच मला सांभाळत होती. ओढणाऱ्यांच्या बाबतीत त्यात आणखी एक गुपचूप भागीदार असतो, चहा. निकोटिनमुळे नव्हे, तर तंबाखूच्या धुरातल्या घटकांमुळे यकृतातले एक विकर जोमाने काम करते आणि कॅफीन लवकर निकालात काढते. बिडी सुटली की ते विकर मंदावते. चहाचे कप तेवढेच राहिले तरी रक्तातले कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकते. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री झोप नाही, आणि दोष जातो बिडी सोडण्याला! बिडी सोडणाऱ्याने चहा निम्म्यावर आणावा, हा सल्ला टपरीवर कुणी देत नाही, आणि टपरीवाल्याने तो द्यावा ही अपेक्षाही नको.

गांजाचे गणित जरा निराळे आहे, कारण तो थोड्या प्रमाणात चिंता खरोखर कमी करतो. शिकागोतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ४२ जणांना गांजातले मुख्य मादक द्रव्य, टीएचसी, मोजून दिले आणि मुलाखतीसारख्या ताणाच्या प्रसंगात बसवले. साडेसात मिलिग्रॅम घेतलेल्यांचा ताण लवकर ओसरला, साडेबारा घेतलेले उलट जास्त अस्वस्थ झाले. पाच मिलिग्रॅमचा हा फरक चोरून आणलेल्या पुडीत कोण मोजणार? काही जण गांजा-भांगेची चौकशी करणाऱ्या १८९३-९४ च्या इंग्रजी आयोगाचा दाखला देतात. माफक सेवनाने मनाला अपाय होत नाही, असे त्याने म्हटले होते हे खरे आहे. साधूंची चिलीम आणि शंकराचा प्रसाद हेही पुढे केले जातात. पण त्या म्हणण्यातला कळीचा शब्द ‘माफक’ आहे, आणि रोज रात्री त्याच्याशिवाय झोप न लागणे माफकात बसत नाही. रोज घेणाऱ्याने थांबवले की एक ते तीन दिवसांत चिडचिड, घालमेल, भूक मरणे, विचित्र स्वप्ने सुरू होतात. ‘गांजाची सवय लागत नाही’ हे वाक्य म्हणूनच टिकत नाही. त्यात आपल्याकडे गांजा बहुधा सिगारेटच्या तंबाखूत मिसळून ओढला जातो. म्हणजे ‘मी सिगारेट पीत नाही, फक्त माल’ म्हणणाऱ्या पोराला दोन तलफा असतात, आणि त्याला त्यांतली एकच ठाऊक असते.

सर्वांत जड आक्षेप मात्र विज्ञानाचा नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढे उभा असलेला कामगार किंवा उसाच्या फडातला तोडकरी विचारील की बिडी नाही ओढली तर पाच मिनिटे बसू कोण देणार? बिडी ही श्रमाच्या दिवसात सर्वांना मान्य असलेली सुट्टी आहे. तिच्यासोबत सावली मिळते, सोबती मिळतो, लांब श्वास मिळतो. त्या शांतीतला मोठा वाटा या तिघांचा असावा, असे मला वाटते. सोडायला सांगताना ही विश्रांतीही काढून घेतली, तर तो सल्ला देणाऱ्याला फुकटात पडतो. जिथे बिडीवाल्याला पाच मिनिटे मिळतात तिथे न ओढणाऱ्यालाही ती मिळायला हवीत.

मदत लागते आणि ती आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय सेवा आहे, मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्तीचे काम करते आहे. औषधांच्या दुकानात मिळणारा निकोटिनचा गम माव्यासारखा चघळायचा नसतो. थोडा चावून गालात दाबून ठेवायचा असतो, आणि ती जागा तंबाखूवाल्याला दाखवावी लागत नाही.

धुराने जोमात येणारे ते विकर कॅफीनपुरते थांबत नाही. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही तीव्र मानसिक आजारांवरची औषधेही तेच निकालात काढते. रोज बंडलभर बिडी ओढणारा असा रुग्ण रुग्णालयात दाखल झाला किंवा कारागृहाच्या दारातून आत गेला आणि बिडी एकदम बंद झाली, तर गोळी तीच राहूनही रक्तातले तिचे प्रमाण चढते. गुंगी, तोल जाणे, क्लोझापिनच्या बाबतीत कधी झटकेही येऊ शकतात. डॉक्टरला मात्रा कमी करावी लागते. त्यासाठी आत घेताना नाव, गाव आणि गुन्ह्याच्या बरोबरीने आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, बिडी किती ओढत होता?