माडीवरची ‘भिल्लांची गदा’

खानदेशात, पैलाडमधल्या एका जुन्या धाब्याच्या घराची माडी रिकामी करताना लाकडाचा एक सोटा निघाला. दोनेक फूट लांब, खाली जाड, वर निमुळता, मुठीच्या टोकाला बोंड आणि अंगावर कोरलेल्या गोल रेघा. रंग काळाभोर. पहिल्याच बघ्याने निकाल दिला, ‘‘हाई भिलेसनी गदा शे, भाऊ!’’ फोटो मोबाइलवर फिरले आणि संध्याकाळपर्यंत ती शेकडो वर्षांपूर्वीची झाली.

लाकूड, कोरीव काम आणि काळा रंग एकत्र दिसले की वस्तू आदिवासींची, हा आपला ठरलेला हिशेब. खरं तर भिल्लांचं नाव ज्याच्याशी जोडलेलं आहे, ते हत्यार म्हणजे तीरकामठा. बांबूची कामठी आणि बहुतेकदा दोरीही बांबूच्याच सालीची. जवळ लाठी किंवा कोयत्यासारखा धारिया. ही रोजच्या वापरातली हत्यारं. ब्रिटिश अधिकारी आउटरमने 1825 मध्ये भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं शेजारच्या धरणगावात होतं. भिल्लांशी आपला शेजार इतका जुना, तरी त्यांच्या घरात काय असतं हे आपण अंदाजानेच सांगतो. सातपुड्याच्या पट्ट्यात लाकडावरचं कोरीव काम बघायचंच असेल तर मेळघाटात जावं. तिथे कोरकू मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या फळीवर घोडेस्वार आणि चंद्र-सूर्य कोरतात.

आता तो सोटा हातात घेऊ. पहिली गोष्ट, तो जमिनीवर ठेवला की आपोआप उभा राहतो. बूड सपाट आहे आणि कडा झिजलेल्या आहेत. डोक्यात घालायच्या हत्याराला उभं राहायची गरज नसते. दुसरी, रेघा सगळीकडे सारख्या खोल आणि अगदी वर्तुळात. म्हणजे हे पटाशीने कोरलेलं नाही, कातीव काम आहे. बुडाच्या बरोबर मध्यभागी बारीक खड्डाही सापडला. कातारी लाकूड फिरवताना टोकाला अडकवतो, त्याची ही खूण. तिसरी, मुठीवरचं बोंड. खांद्यामागून फिरवताना हातातून निसटू नये म्हणून ते ठेवतात.

थोडक्यात, हे मुद्गल. तालमीतलं.

गंमत म्हणजे ब्रिटिश सैनिकांनी ही मुद्गलं इथेच पाहिली, विलायतेला नेली आणि हलकी करून ‘इंडियन क्लब’ म्हणून फिरवू लागले. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये त्यांची स्पर्धासुद्धा झाली.

खरोखर कोरीव लढाऊ सोटे हवे असतील तर फिजीकडे बघावं लागतं. तिथल्या ‘तोतोकिया’चं डोकं केवड्याच्या कुळातल्या फळासारखं काटेरी असतं, मधून एक चोच बाहेर आलेली. ‘उला’ आखूड, कमरेला खोचून फेकायचा. काही सोटे सुरूच्या लाकडाचे, आणि कोरीव काम बहुधा मुठीवर, पकड घसरू नये म्हणून. असा एखादा सोटा साहेबाच्या सामानातून आपल्याकडे येणं अशक्य नाही. पण मग तो कुणी, कुठून आणला, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आधी विचारावं.

काळेपणावर मात्र अजिबात विश्वास ठेवू नये. चुलीचा धूर, तेल, बूटपॉलिश, कशानेही लाकूड काळं होतं. खरी वापरातली झीज मुठीवर गुळगुळीत लागते आणि खाचांत मळ साचतो. सगळं अंग एकसारखं काळं असेल तर शंका घ्यावी. वजनावरूनही घाई नको. खानदेशातला अंजन पाण्यात बुडण्याइतका जड असतो, पण जड लाकूड जगात इतरत्रही आहे. झाड कोणतं हे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले जाणकार सूक्ष्मदर्शकाखाली सांगू शकतात. घडवणारा कोण, हे लाकूड सांगत नाही.

तोवर एकच पथ्य, सँडपेपर लावू नये. खाणाखुणा त्या मळातच असतात. वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी निघाली तर 1972 च्या कायद्यानुसार ती परस्पर परदेशी पाठवता येत नाही, एवढंही लक्षात असू द्यावं.

मुद्गलं बहुतेकदा जोडीने करतात, म्हणून दुसऱ्याची चौकशी केली. ते गोठ्यात होतं. गुरांच्या खुंट्या ठोकून ठोकून त्याचा एका बाजूचा लचका निघाला होता.