धान्याचा कायदा व स्वार्थाची कसोटी

दुसऱ्याचा स्वार्थ ओळखण्यास फारशी बुद्धि लागत नाहीं. स्वतःचा ओळखण्यास मात्र बुद्धीहून अधिक कांहीं लागतें. इंग्लंडांतील धान्याच्या कायद्याचा इतिहास हेंच शिकवितो, म्हणून तो आम्ही वाचकांपुढें, विशेषतः आमच्या व्यापारी बंधूंपुढें, मांडीत आहों.

१८१५ सालीं नेपोलियनशीं चाललेलें युद्ध संपलें. आतां स्वस्त परदेशी गहूं येऊन आपला खंड बुडेल, या धास्तीनें जमीनदारांनीं त्याच सालीं कायदा करून घेतला. देशी गव्हाचा भाव क्वार्टरास ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहूं बाजारांत येऊं द्यावयाचा नाहीं, असा तो कायदा. पार्लमेंट त्यांच्याच मुठींत होतें. मग अडविणार कोण? १८२८ सालीं भावाबरोबर चढउतार होणारी जकात आली, तरी गरिबाच्या पावावरचा भार कायम राहिला.

१८३८ सालीं मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनीं या अन्यायाविरुद्ध चळवळ आरंभिली. रिचर्ड कॉबडेन व जॉन ब्राइट हे तिचे धुरीण. त्यांनीं शस्त्र उचललें नाहीं. वर्गणी जमविली, गांवोगांव सभा भरविल्या, आणि १८४० सालीं एक पेनीचें टपाल सुरू होतांच पत्रकांचा पाऊस पाडला. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्यावर रोग पडला, तेव्हां मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील यांनीं स्वपक्षाचा रोष पत्करून १८४६ च्या जूनमध्यें कायदा उठविला. त्याच महिन्यांत त्यांचें प्रधानपद गेलें. आयर्लंड मात्र तेवढ्यानें वांचलें नाहीं. त्या दुष्काळांत सुमारें १० लक्ष माणसें मेलीं.

येथवरची कथा व्यापाऱ्यांस गोड लागेल; पुढची कडू आहे. १८४७ सालीं स्त्रिया व १८ वर्षांखालील मुलें यांस गिरणींत दिवसाला १० तासांहून अधिक राबवूं नये, असें बिल आलें. जमीनदारांच्या जकातीस अन्याय म्हणणारे ब्राइट त्याच्या आड आले. तासांस हात लावाल तर धंदा बुडेल, ही गिरणीवाल्यांची ओरड! उलट, जमीनदारांपैकीं पुष्कळांनीं बिलास मतें दिलीं. जमीनदारास गिरणींतलें दुःख दिसलें, गिरणीवाल्यास शेतांतली लूट दिसली. आपल्या दारांतलें मात्र दोघांसही दिसेना.

अपवाद नव्हता असें नाहीं. तें बिल ज्यांनीं पार्लमेंटांत मांडलें ते जॉन फील्डन स्वतः मोठे गिरणीमालक होते. लहानपणीं वडिलांच्या गिरणींत त्यांनीं काम केलें होतें, व तो शीण ते विसरले नव्हते. बिल पास झालें. पुढील दहा वर्षांत इंग्लंडचा कापडधंदा बुडाला तर नाहींच, उलट वाढला.

सुधारणेची भाषा सर्वांसच येते. पण तिचा खर्च आपल्या खतावणींत पडूं लागला, म्हणजे आपण कॉबडेन-ब्राइट यांच्या पंक्तीस बसतों कीं फील्डन यांच्या, हा प्रश्न प्रत्येकानें दुकानाची फळी लावतांना स्वतःस एकदां विचारावा. उत्तर आम्हांस नको. ज्याचें त्यास कळलें म्हणजे पुरे.