पाहुण्यानेही पीठ मळावं!

नर्मदा परिक्रमेहून परतल्यापासून नागपुरात भेटेल ती मैत्रीण विचारते, "अगं, इतके दिवस जेवलीस कुठे?" मैत्रिणींनो, उत्तर सोपं आहे. गावोगावी! दारात उभं राहून 'नर्मदे हर' म्हणायचं. आतून 'नर्मदे हर' आलं की आपण त्या घरचे.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरांत, सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. कुणाची शेतं बुडाली, कुणाची घरं. त्याच भागातल्या एका आदिवासी बाईने आम्हाला बसवून भाकरी वाढली. मी पैसे पुढे केले, तर तिने हात मागे घेतला.

पण मला सगळ्यांत आवडलं ते सदावर्त. म्हणजे काय, तर पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा कोरडा शिधा द्यायचा आणि परिक्रमावासीने स्वतः रांधायचं. तीन दगडांची चूल मांडून बायाच काय, पुरुषही टिक्कड भाजतात! एरवी पाहुणचाराचं नाव घराण्याचं होतं, अन् पहाटे उठून कणीक मळते घरची बाई. सदावर्तात मात्र देणारा भरभरून देतो आणि घेणाराही राबतो.

परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. म्हणून गुजरातेत विमलेश्वरहून मिठीतलाईला समुद्रातून, नदीच्या मुखाला वळसा घालून, नावेने जावं लागतं. भरती येईल तेव्हा नाव सुटते, मग रात्र असो की पहाट! त्या नावेत बसल्यावर मला पूर्वी वाचलेली फिजी बेटांवरची रीत आठवली. प्रशांत महासागरातल्या या बेटांवर शिडाच्या नावेने आलेला पाहुणा आधी यांगोना नावाच्या झुडपाच्या मुळ्यांची जुडी घेऊन गावच्या मुखियाकडे जातो. या रीतीला 'सेवूसेवू' म्हणतात. मुखियाने ती जुडी स्वीकारली की पाहुण्याला गाव मोकळं!

समुद्र वेगळा, नदी वेगळी, पण सांगणं एकच. पाहुण्याचंही काही देणं लागतं.

दिवाळीत आपल्याकडे नणंदा, दीर, भाचरं येतीलच. या वेळी ताटं मांडायला, पोळ्या लाटायला त्यांनाही हक्काने हाक मारा. आणि आपण पाहुण्या म्हणून गेलो की? आधी पदर खोचायचा, मग पाटावर बसायचं!